भुताचे चौरस फूट

पून चाक-लाम यांनी आलेखावरच्या एका ठिपक्याभोवती लाल वर्तुळ काढले आणि शेजारी प्रश्नचिन्ह लिहिले, तेव्हा आपल्या हातून काही विपरीत घडत आहे अशी पुसटशी शंकाही त्यांना आली नाही. उलट, आकड्यांच्या बाबतीत माणसाने निष्ठुरपणे प्रामाणिक असावे या आपल्या तत्त्वाला आपण जागलो, याचे त्यांना समाधानच वाटले. चुन वानच्या एका माध्यमिक शाळेत पदार्थविज्ञान शिकवताना त्यांनी पिढ्यान् पिढ्या मुलांकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती. जो ठिपका रेषेवर बसत नाही, तो खोडायचा नाही. तो आहे तिथे ठेवायचा, त्याच्याभोवती वर्तुळ काढायचे आणि मग कारण शोधायचे. यांपैकी पहिली दोन कामे पून सरांनी केली. तिसरे, त्यांच्या आधी, इमारतीने उरकले.

हा आलेख वो शिंग गार्डनच्या तिसऱ्या इमारतीत, तळमजल्यावर, टपालपेट्यांशेजारच्या काचेच्या फलकात लावलेला असे. वसाहतीत अलीकडे विकल्या गेलेल्या प्रत्येक घराचा चौरस फुटाचा भाव त्यावर एकेका ठिपक्याने दाखवलेला होता. या शहरात घर केवढ्याला गेले असे कोणी विचारत नाही; फुटाला केवढ्याने गेले असे विचारतात. सबंध किंमत विचारणे हे मासळीबाजारात जाऊन अख्ख्या समुद्राचा भाव विचारण्यासारखे अडाणीपणाचे समजले जाते. वो शिंग गार्डनमध्ये ‘जेवलात का’ या प्रश्नानंतरचा प्रश्न फुटाच्या भावाचा असे, आणि पहिल्याचे उत्तर ऐकण्यासाठी कोणी थांबत नसे. त्यामुळे पून सरांच्या आलेखासमोर, परीक्षेचा निकाल लागावा तशी, दर महिन्याला गर्दी जमे. भाव चढलेला दिसला की माणसे एकमेकांसाठी लिफ्टचे दार धरून ठेवत.

आलेखाचा जन्म मात्र लोककल्याणासाठी झाला नव्हता. पून सरांना आपले सोळाव्या मजल्यावरचे घर, म्हणजे सोळा-सी, विकायचे होते. त्यांच्या पत्नीच्या, सुक-यीच्या, गुडघ्यांना वसाहतीचा चढ सोसेनासा झाला होता. म्हणून दोघांनी ताय वायमध्ये, सपाटीवर, स्टेशनाला लागून असलेले एक लहानसे घर ठरवले होते आणि त्याचा बयाणाही देऊन टाकला होता. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतला मोठा लचका त्यात गेला होता. करार स्पष्ट होता : शरद ऋतू संपण्याआधी उरलेले पैसे भरा, नाहीतर बयाणा विसरा. उरलेले पैसे जुने घर विकल्याशिवाय येणार नव्हते. हिशेब साधा होता. साधे हिशेबच माणसाला घाबरवतात, कारण त्यांत लपायला जागा नसते.

घर विकण्यासाठी नेमलेल्या एजंटाचे नाव केल्विन होते. हे नाव ऐकून पून सरांना पहिल्या भेटीत जो आपलेपणा वाटला, तो दुसऱ्या भेटीपर्यंत टिकला नाही. केल्विनच्या मापात तापमान शून्याच्या खाली जाऊच शकत नाही, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. या केल्विनने भावाच्या बाबतीत अशी कोणतीही मर्यादा मानलेली नव्हती. फुटाला काय मागावे असे विचारले की तो समोरच्याच्या तोंडाकडे पाहून आकडा सांगे. म्हणून पून सरांनी व्यवहारांच्या सरकारी नोंदींवरून स्वतःचा आलेख काढला, आणि तो इतका देखणा झाला की फलकात लावल्यावाचून त्यांना राहवले नाही.

मग सतरा-सी विकले गेले. म्हणजे पून सरांच्या बरोबर डोक्यावरचे घर. तिथे राहणारे बाऊ नावाचे वृद्ध गृहस्थ मुलाकडे टोरांटोला निघून गेले होते आणि घर तेव्हापासून रिकामे होते. नोंदीत किंमत दिलेली होती, पण क्षेत्रफळाचा रकाना कोरा होता. सी रांगेतली सगळी घरे सारखीच असल्याने पून सरांना अडचण पडली नाही. त्यांनी स्वतः घर घेताना बिल्डरने दिलेले गुळगुळीत माहितीपत्रक कपाटातून काढले, त्यातला सहाशे चार हा आकडा घेतला आणि भागाकार केला. बाकीची घरे फुटाला बारा हजारांच्या आसपास गेलेली असताना हे घर जेमतेम नऊ हजारांनी गेलेले निघाले. त्यांनी भागाकार पुन्हा एकदा हाताने केला. भागाकारात चूक नव्हती. तेव्हा त्यांनी लाल पेन उचलले.

फलकातला नवा आलेख प्रथम पाहिला तो हो आडनावाच्या आजींनी. हो आजी सतरा-बीमध्ये, म्हणजे सतरा-सीच्या समोरच्या दारी राहत. हातात भाजीची पिशवी घेऊन त्या काचेसमोर उभ्या राहिल्या. रेषा, अक्ष, प्रमाण यांच्याकडे त्यांनी लक्ष दिले नाही. लाल वर्तुळाकडे त्यांनी बराच वेळ पाहिले आणि मग, टपालपेटी उघडत असलेल्या पून सरांकडे वळून, अगदी खालच्या आवाजात विचारले,

“सर, वर कोण मेलं?”

प्रश्न वेडगळ नव्हता. या शहरात फुटाचा भाव अचानक चौथाईने पडला, तर त्याला पुस्तकांत अनेक कारणे सांगितलेली असली तरी माणसांच्या मनात एकच असते. घरात कोणाला अनैसर्गिक मरण आलेले असावे. अशा घरावर बँका कर्ज देत नाहीत, भाडेकरू टिकत नाहीत आणि त्याच्या वरखालची घरेही ओल्या भिंतीला लागून ठेवलेल्या पुस्तकांसारखी हळूहळू ओल धरतात. पून सरांनी हो आजींना समजावले की व्यवहार नात्यातला असेल, घर आतून मोडकळीला आलेले असेल, कारणे पुष्कळ असू शकतात आणि ती शोधण्यासाठीच वर्तुळ काढलेले आहे.

“लाल शाईनं जिवंत माणसाचं नावसुद्धा लिहीत नाहीत,” हो आजी म्हणाल्या. “तुम्ही अख्खं घर घातलंत.”

त्यातही महिना चांद्र पंचांगातला सातवा, म्हणजे भुतांचा होता. पितरांसाठी दारे उघडतात आणि रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या डब्यांत कागदी नोटा जळतात तो. या महिन्यात माणसे घर बघत नाहीत, लग्न ठरवत नाहीत, आणि कोणी मागून हाक मारली तर वळून पाहत नाहीत. अशा दिवसांत एखाद्या मजल्याभोवती लाल वर्तुळ काढणे म्हणजे काय, हे पून सरांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवलेले नव्हते.

संध्याकाळपर्यंत इमारतीची स्मरणशक्ती जागी झाली. बाऊ टोरांटोला गेले हे सगळ्यांना ठाऊक होते. पण त्यांना जाताना कोणी पाहिले होते? हो आजींनी तर नव्हते, आणि हो आजींच्या नजरेतून सतराव्या मजल्यावरून मांजरही निसटत नसे. कोणाला पूर्वी कधीतरी खाली उभी असलेली रुग्णवाहिका आठवली. कोणाला लिफ्टमध्ये येत असलेला विचित्र वास आठवला. तो वास वसाहतीच्या मालक मंडळाचे अध्यक्ष क्वान यांच्या मेव्हणीने आणलेल्या ड्युरियन फळाचा होता, आणि त्या वेळी त्यावरून रीतसर भांडणही झाले होते. पण आता क्वानसुद्धा म्हणू लागले की ड्युरियनचा वास इतका टिकत नाही. लिफ्टमधले सतराचे बटण कोणी दाबेनासे झाले. हो आजी अठराव्यावर उतरून एक मजला खाली चालत येऊ लागल्या. सामान पोहोचवणारे सतराव्याचे सामान सोळाव्यावर ठेवून पळत, आणि तेही नेमके पून सरांच्या पायपुसण्यावर. एके दिवशी त्यांनी दार उघडले तर समोर तांदळाचे पोते, शौचालयाच्या कागदाचा गठ्ठा आणि एक झाडू एवढा ऐवज निमूट उभा होता. त्यांनी दार पुन्हा लावून घेतले. नंतर त्यांनी स्वतःला समजावले की झाडू हा निर्जीव पदार्थ आहे.

केल्विनचा फोन आला. सोळा-सी पाहायला येणारे जोडपे आता येणार नव्हते. कारण विचारल्यावर त्याने बराच वेळ हवामानाविषयी बोलून घेतले आणि शेवटी सुचवले की फुटाला दहा हजार मागावेत. पून सरांनी त्याला आठवण करून दिली की भूत, असलेच तर, सतराव्यावर आहे. केल्विन म्हणाला की गिऱ्हाईक मजले मोजत बसत नाही. मग पून सरांनी बँकेला फोन लावला. बँकेतल्या मुलीने घराचा पत्ता विचारला, काही बटणे दाबली आणि या घराचे मूल्यांकन सध्या उपलब्ध नाही असे सांगितले. म्हणजे कमी झाले आहे का, असे त्यांनी विचारले. कमी नाही, उपलब्ध नाही. शून्य आहे का? शून्य नाही, सर, उपलब्ध नाही. ज्या राशीला मूल्य नाही आणि जी शून्यही नाही, अशा राशीत आपण सहकुटुंब राहतो आहोत, हा विचार मनात येताच त्यांनी फोन ठेवून दिला. त्या दिवशी त्यांनी ताय वायच्या घराचा करार पुन्हा वाचला आणि बयाण्याचे कलम इतक्या वेळा वाचले की सुक-यीने तो कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

आलेख उतरवावा हे आता त्यांनाही पटले होते. पण फलकाला कुलूप होते. किल्ली व्यवस्थापन कंपनीकडे, आणि कंपनीचे म्हणणे असे की सूचना लावायला जसा मालक मंडळाचा शिक्का लागतो तसाच काढायलाही लागतो. शिक्का क्वान यांच्या खणात होता. तो मारायला सभेचा ठराव हवा. सभेला गणसंख्या हवी. आणि सातव्या महिन्यात दिवेलागणीनंतर कोणी घराबाहेर पडत नसल्यामुळे सभा तीनदा भरली ती क्वान आणि रिकाम्या खुर्च्या यांचीच. शेवटच्या सभेत एक खुर्ची आपोआप हलली असे क्वान यांनी इतिवृत्तात लिहून ठेवले. आलेख काचेमागे सुरक्षित राहिला. लाल शाई ऊन लागूनही फिकट झाली नाही; पून सर कधी हलकी शाई वापरत नसत.

त्यात सतरा-सीचे नवे मालक शेक यांचे वकिली पत्र आले. पत्राचा आशय असा की आमच्या पक्षकाराने पूर्ण भाव मोजून घेतलेल्या मालमत्तेत भूत असल्याचे आपण लाल वर्तुळाद्वारे जाहीर केले असून, त्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी. पून सरांनी उत्तराचा मसुदा केला. वर्तुळाने काहीही सिद्ध होत नाही आणि प्रश्नचिन्ह हे विधान नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता. ‘पूर्ण भाव मोजून’ या शब्दांवर ते अडखळायला हवे होते. पण घाबरलेला माणूस पत्रातले धमकीचे वाक्य तेवढे वाचतो, आणि पून सर तोवर इमारतीतल्या कोणाहीपेक्षा कमी घाबरलेले नव्हते.

त्याला कारण होते. दुपारी जेवताना वरून आवाज आला होता. काचेची गोटी फरशीवर पडावी, दोनदा उडावी आणि मग घरंगळत जावी, तसा. सुक-यीच्या काड्या भाताच्या वाडग्यावर थबकल्या. पून सरांनी शांतपणे स्पष्टीकरण दिले. उंच इमारतींत हा आवाज सर्वत्र ऐकू येतो. कुठेतरी नळ एकदम बंद होतो, पाण्याचा दाब लाटेसारखा मागे फिरतो आणि नळी काँक्रीटवर आपटते. हा धडा त्यांनी असंख्य वेळा शिकवला होता.

“नळ कोणी बंद केला? वर कोणी राहत नाही,” सुक-यी म्हणाली.

“दुसऱ्या मजल्यावरचा असेल. लाट कुठूनही येते.”

“मग तू वर का बघितलंस, पून सर?”

ती त्यांना ‘पून सर’ म्हणे ती फक्त त्यांची कीव येत असली म्हणजे. त्यांनी वर पाहिले होते, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी आवाजामागची लाट मोजावी म्हणून त्यांनी टेबलावर पाण्याचा पेला ठेवला आणि त्याच्याकडे टक लावून बसले. आवाज होण्याच्या कितीतरी आधीपासून पाणी थरथरत होते. सुक-यीने वाकून पाहिले आणि सांगितले की टेबलाला त्यांचा गुडघा लागलेला आहे. त्यानंतर ते न्हाणीघराचे दार उघडे ठेवून आंघोळ करू लागले. वाफ कोंडू नये म्हणून, असे कारण त्यांनी दिले. कोणी विचारले नव्हते.

अखेर सुक-यीने, नवऱ्याला न विचारता, लियुंग गुरुजींना बोलावले. घरातून अशुभ काढून टाकणारे ताओपंथी म्हणून त्यांचे नाव होते. पांढरी दाढी आणि पिवळा झगा अशा कल्पनेने पून सर दारात सज्ज उभे होते. आले ते इस्त्रीचा टी-शर्ट घातलेले, दोन फोन बाळगणारे, चाळिशीतले गृहस्थ. पून सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि आपण विज्ञानाचे माणूस असून हा सगळा प्रकार आपल्याला मान्य नाही, हे विनयपूर्वक सांगितले. गुरुजी म्हणाले की त्यांच्या गिऱ्हाइकांत एक हृदयरोगतज्ज्ञ आणि दोन वास्तुविशारद आहेत, आणि सगळे सुरुवातीला हेच सांगतात. मग त्यांनी खिशातून दरपत्रक काढले. त्यांचा दर चौरस फुटावर होता.

“घर केवढं?”

“सहाशे चार,” पून सर म्हणाले.

“वापराचे की इमारतीचे?”

या शहरात दोन प्रकारचे चौरस फूट असतात हे पून सरांना ठाऊक नव्हते असे नाही. पाळण्यातल्या मुलालाही ते ठाऊक असते. वापराचे फूट म्हणजे दाराच्या आत जे खरोखर मिळते ते. इमारतीचे फूट म्हणजे त्यात जिना, लिफ्ट, दिवाणखान्याइतकी मोठी लॉबी आणि कोणी कधी न वापरलेली व्यायामशाळा यांतला वाटा मिसळून बिल्डरने फुगवलेले. जुन्या माहितीपत्रकांत हे फुगवलेले आकडेच छापत. पुढे कायद्याने ते बंद झाले आणि सगळा व्यवहार वापराच्या फुटांवर आला. पून सरांच्या आलेखावरचा प्रत्येक ठिपका वापराच्या फुटांचा होता. एक सोडून.

ते उठले, कोपऱ्यातल्या गणकयंत्रापाशी गेले आणि त्याच किमतीला सी रांगेतल्या घराच्या वापराच्या फुटांनी, म्हणजे चारशे बावन्नने, भागले. अकरा हजार नऊशे एक्क्याण्णव. ठिपका, शिस्तीच्या मुलासारखा, रेषेवर जाऊन बसला. शेक यांनी खरोखरच पूर्ण भाव मोजला होता. सबंध किंमत पहिल्या दिवसापासून नोंदीत सर्वांच्या डोळ्यांसमोर होती, आणि शेजारच्या घरांच्या किमतीइतकीच होती. पण सबंध किमतीकडे पाहण्याची सवय या शहरात कोणाला उरलेली नव्हती. पून सरांना तर मुळीच नव्हती.

“म्हणजे वर भूत नाही,” सुक-यी म्हणाली.

“नाही.”

“फक्त तुला भागाकार येत नाही.”

“भागाकार बरोबर होता,” पून सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “छेद चुकला.”

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिले आणि लागल्यास बोलवा म्हणून ते गेले.

पून सरांना वाटले, संकट टळले. चूक सापडली की ती दुरुस्त करायची, आणि दुरुस्तीपुरता तरी या जगात न्याय असतो. नवा आलेख घेऊन ते स्वतः दारोदार फिरले. एका निवृत्त शिक्षकाला घराघरांत जाऊन ‘माझा छेद चुकला’ असे सांगावे लागणे ही गोष्ट लहान नाही. त्यांनी ती ताठ मानेने केली. हो आजींनी त्यांचे सगळे बोलणे ऐकून घेतले, त्यांना एक संत्रे दिले आणि त्या मायेने म्हणाल्या,

“तुम्ही भले आहात, सर. घर विकायचंय म्हटल्यावर माणूस आणखी काय सांगणार?”

क्वान यांचे म्हणणे असे पडले की आकडा बदलून भूत जात असते तर एकही सरकारी खाते झपाटलेले राहिले नसते. अर्ध्या इमारतीने तर असे अनुमान काढले की पूर्वी भूत असावे असा नुसता संशय होता. आता ज्या अर्थी मास्तर ते लपवायला निघाले आहेत, त्या अर्थी ते आहेच. शेक यांच्या वकिलाने नवा आलेख हा गुन्ह्याची कबुली म्हणून दप्तरात लावला. आणि बँकेत त्यांच्या घराचे मूल्यांकन अजूनही उपलब्ध नव्हते. करारातली तारीख रोज थोडी जवळ सरकत होती. सुक-यीने ताय वायच्या खिडक्यांसाठी शिवलेले पडदे घडी करून पलंगाखाली ठेवून दिले आणि त्याबद्दल ती काही बोलली नाही. तिचे हे न बोलणे पून सरांना वरच्या गोटीपेक्षा जास्त भीतिदायक वाटले.

ते केल्विनकडे गेले. त्याच्या दुकानाच्या काचेवर घरांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, आणि सोळा-सीची चिठ्ठी घसरत घसरत अगदी तळाशी, फरशी पुसणाऱ्याच्या फडक्याच्या उंचीवर आली होती. पून सरांनी त्याला वापराचे फूट, इमारतीचे फूट, छेद, रेषा सगळे पुन्हा समजावले. केल्विनने मान हलवली.

“मला पटलं, सर. पण गिऱ्हाईक विचारणार, आधी नऊ होते, आता बारा झाले, मग मधले तीन कुठं होते? भूत नाही हे तुम्ही कसं दाखवणार? नसलेलं दाखवता येत नाही. गेलेलं मात्र दाखवता येतं.” त्याने आवाज खाली आणला. “त्याची पावती मिळते.”

या युक्तिवादात कुठेतरी फट असणार, अशा खात्रीने पून सर घरापर्यंत ती शोधत आले. ती सापडली नाही. अभाव सिद्ध करता येत नाही, हे तर त्यांनीच मुलांना शिकवले होते. त्यांनी लियुंग गुरुजींना फोन केला.

आता निदान दर तरी योग्य मापाने लागावा, म्हणून त्यांनी आधीच स्पष्ट केले की घर वापराच्या फुटांनी चारशे बावन्न आहे. गुरुजी हसले. भूत काय खोलीतच बसून राहते का, असे त्यांनी विचारले. ते जिन्यात जाते, लिफ्टमध्ये जाते, लॉबीत उभे राहते; तेव्हा विधीचा दर इमारतीच्या फुटांवरच लागतो. पून सरांनी सहाशे चार फुटांचे पैसे मोजले. त्यांना मान्य करावे लागले की हा आकडा अखेर योग्य ठिकाणी वापरला जात होता. शेक यांनी वकिलामार्फत किल्ली पाठवली आणि खर्च पून यांचा या अटीवर भरपाईचा दावा सोडून दिला.

विधी सतरा-सीमध्ये, भर दुपारी झाला. रिकाम्या खोलीत फळे, भाजलेले डुकराचे मांस आणि कागदी नोटांचे गठ्ठे मांडले होते. क्वान साहेब मंडळाच्या वतीने हजर होते, हो आजी दाराशी होत्या, केल्विन फोनवर सगळे टिपत होता, आणि जिन्यावर उरलेली इमारत दाटीवाटीने उभी होती. ज्याच्या हातून गोष्ट सुरू झाली त्याने यजमान व्हावे असा नियम निघाला. तेव्हा पून सर उदबत्त्या धरून फरशीवर गुडघे टेकून बसले. त्यांच्या काही जुन्या विद्यार्थ्यांपर्यंत केल्विनचे चित्रण पुढे पोहोचले, पण ते नंतर. गुरुजींनी मृताचे नाव विचारले. हो आजींनी बाऊ असे सुचवले. पून सर म्हणाले की बाऊ जिवंत आहेत आणि दर नव्या वर्षाला क्वान साहेबांना शुभेच्छा पाठवतात. क्वान पुटपुटले की या वर्षी आल्या नव्हत्या. जिन्यावरची माणसे एक पायरी मागे सरली. शेवटी गुरुजींनी ‘नाव अज्ञात’ या सोयीच्या शीर्षकाखाली मंत्र सुरू केले.

गुरुजींची घंटा थांबली त्या क्षणी आवाज आला. गोटी पडली, दोनदा उडली आणि घरंगळत गेली. वरून. सगळ्यांच्या माना एकदम छताकडे वळल्या, आणि मग तितक्याच एकदम क्वान साहेबांकडे, कारण वरचे अठरा-सी त्यांचे होते. क्वान साहेबांचा चेहरा उदबत्तीच्या राखेसारखा झाला. माझ्याकडे आत्ता कोणी नाही, ते म्हणाले, कुलूप लावून आलोय. पाण्याच्या दाबाची लाट समजावून सांगण्याची हीच वेळ होती. पून सरांनी तोंड उघडले. मग त्यांच्या लक्षात आले की आपला डावा हात हो आजींची बाही घट्ट धरून आहे, आणि ती सोडण्याचा त्या हाताचा इरादा नाही.

“अठराव्याचे वेगळे पडतील,” गुरुजी न वळता म्हणाले.

“वापराचे की इमारतीचे?” क्वान साहेबांनी विचारले. त्यांचा आवाज चिरका झाला होता.

क्वान साहेबांनीही अठराव्याचे पैसे मोजले. भुतांचा महिना संपला. रस्त्याकडेचे डबे घासून ठेवले गेले. आणि घडले ते असे की सी रांगेला, सतराव्यापासून अठराव्यापर्यंत, पावती मिळालेली असल्याची बातमी वसाहतीभर झाली. ए, बी आणि डी रांगांतल्या लोकांना प्रथमच अस्वस्थ वाटू लागले. केल्विनने ती अस्वस्थता बरोबर हेरली. नव्या गिऱ्हाइकांना तो सांगू लागला की या इमारतीत फक्त एवढ्याच रांगेची खात्री देता येते. बाकीच्या घरांची तपासणीच झालेली नाही, तेव्हा तिथे काय असेल ते कोण सांगणार. सोळा-सीची चिठ्ठी काचेवर डोळ्यांच्या उंचीला आली. बँकेतल्या मुलीला त्यांच्या घराचे मूल्यांकन अचानक उपलब्ध झाले, आणि ते आधी उपलब्ध का नव्हते हे विचारण्याचे धाडस पून सरांनी केले नाही.

मोक नावाचे तरुण जोडपे घर पाहायला आले. बाई परिचारिका होत्या, त्यांनी नळ उघडून पाहिले, खिडक्या उघडून पाहिल्या, छताकडे पाहिले आणि पावती मागितली. ती त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचली. भाव फुटाला अकरा हजार नऊशे ठरला. वापराचे ना, असे बाईंनी विचारले, आणि पून सर, सुक-यी आणि केल्विन तिघे एका सुरात म्हणाले, वापराचे.

केल्विनच्या दुकानात, टेबलावर करार उघडला गेला. मोक यांनी चेकबुक काढले, पेनाचे टोपण काढले, आणि मग पेन कागदाच्या वर तसेच धरून ते पून सरांकडे पाहू लागले.

“सर, एक विचारू? तुम्ही शिक्षक आहात, खोटं सांगणार नाही. वर खरंच काही होतं का?”

टेबलाखाली सुक-यीचा पाय पून सरांच्या पायावर येऊन थांबला. दाबला नाही, नुसता थांबला. पून सरांच्या मनात दोन्ही उत्तरे समोरासमोर उभी राहिली. नाही म्हणावे, तर मग पावती कशाची, विधी कशाचा, लाल वर्तुळ कशाचे, आणि सगळा गुंता उलगडत उलगडत थेट ताय वायच्या बयाण्यापर्यंत जाऊन पोहोचणार होता. हो म्हणावे, तर ते आयुष्यात प्रथमच, पुराव्याशिवाय, जे नाही ते आहे असे सांगणार होते. सुक-यीचा पाय अजून तिथेच होता.

“आता नाही,” पून सर म्हणाले.

दोनच शब्द. त्यांनी ते मनात पुन्हा तपासले. प्रत्येक शब्द खरा होता, आणि दोन्ही मिळूनही खरेच होते.

“म्हणजे होतं,” मोक समाधानाने म्हणाले, आणि त्यांनी सही केली.